देल्फिन सेरिगचे हात

फ्रेंच अभिनेत्री म्हटलं की आपल्याकडे ठरावीक नावं निघतात. ब्रिजित बार्दो, कॅथरीन दनव्ह, सिनेमा जरा जास्त बघणाऱ्यांकडून जान मोरो. देल्फिन सेरिगचं नाव क्वचित निघतं, आणि निघालं तरी ‘ती मारिएनबाद सिनेमातली, पिसांच्या झग्यातली’ इतकंच. माझ्या मते ती या सगळ्यांपेक्षा मोठी नटी होती, आणि तिचं मोठेपण चेहऱ्यापेक्षा हातांत होतं. हे मी नुसत्या प्रेमापोटी म्हणत नाही. हात ओळखणं हा माझा धंदाच आहे.

कोथरूडला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. भल्या पहाटे कणीक तिंबायला घेतो, साडेअकरापर्यंत डबे निघतात, मग दुकानातली विक्री सुरू होते. नवीन बाई कामाला आली की मी तिला फार प्रश्न विचारत नाही, पोळपाटासमोर बसवते. लाटणं ती दाबून पुढे ढकलते आहे की त्याला आपल्या अंगाने फिरू देते आहे, एवढं बघितलं की पुरतं. म्हणूनच सिनेमातल्या स्वयंपाकघरांचा मला फार त्रास होतो. नायिका कणीक मळत असते, आणि स्पष्ट दिसत असतं की परातीशी तिची ओळख आजच झाली आहे. कॅमेऱ्यालाही ते ठाऊक असतं, त्यामुळे दोन सेकंदांत तो तिच्या चेहऱ्यावर जातो.

१९७५ साली शाँताल आकेरमान नावाच्या तरुण बेल्जियन दिग्दर्शिकेने कॅमेरा चेहऱ्यावर न नेता जागेवरच ठेवला. सिनेमाचं नाव म्हणजे एक अख्खा पत्ता आहे: ‘जान दिएलमान, २३, के द्यु कॉमर्स, १०८० ब्रुसेल्स’. लांबी २०१ मिनिटं. जान ही एक विधवा, तिला शाळेत जाणारा मुलगा आहे. ती स्वयंपाक करते, भांडी घासते, पलंग आवरते, बाजारात जाते, आणि रोज दुपारी एक गिऱ्हाईक घरी घेते. त्याचे पैसे जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या झाकणाच्या भांड्यात टाकते. असे तीन दिवस आपण बघतो. बटाटे सोलायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बटाटे सोलणं दिसतं. मांसाचे काप आधी पिठात, मग फेटलेल्या अंड्यात, मग पावाच्या चुऱ्यात घोळवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तेच दिसतं. चेहरा जवळून एकदाही दाखवलेला नाही. पार्श्वसंगीत नाही. बाबेत मांगोल्तने धरलेला कॅमेरा टेबलाच्या जरा वर, बुटक्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठाम उभा.

आणि त्याच्यासमोर देल्फिन सेरिग. त्या वेळी तिची चाळिशी उलटलेली होती आणि युरोपातली सर्वांत तरल, सर्वांत दुर्लभ सौंदर्याची नटी म्हणून ती प्रसिद्ध होती. तिलाच का घेतलं, याचं आकेरमानने दिलेलं उत्तर मला फार पटतं. जी बाई भांडी घासताना रोज दिसते, तिला पडद्यावर भांडी घासताना दाखवलं तर ती कुणालाच दिसणार नाही. नवऱ्यांना घरात बायको भांडी घासताना दिसत नाही, तसंच. म्हणून जिला आपण कधी भांडी घासताना बघितलेलं नाही अशी बाई हवी होती. सेरिगने विसळणीत हात घातला आणि ते काम एकदम दिसायला लागलं.

पण नुसतं प्रसिद्ध बाईला मोरीशी उभं केलं म्हणजे हे साधत नाही. सेरिगने काय केलं ते मी अनेकदा थांबवून, मागे नेऊन बघितलं आहे. पहिल्या दिवशी तिच्या हातांत वेग आहे आणि घाई अजिबात नाही. एक वस्तू खाली ठेवताना दुसरा हात पुढच्या वस्तूकडे निघालेला असतो. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करते तो न बघता. दुसऱ्या दुपारी गिऱ्हाईक गेल्यावर बटाटे जास्त शिजून जातात. ती पातेलं हातात धरून या खोलीतून त्या खोलीत जाते, टाकायचं कुठे हेच तिला सुचत नाही. तिथून हातांतला ताल सुटतो. भांड्याचं झाकण उघडं राहतं, झग्याचं बटण लागायचं राहतं, ब्रश हातातून निसटतो. तिसऱ्या दिवशी कॉफी बिघडते. ती चव घेते, दूध बदलते, साखर घालते, शेवटी ओतून देऊन नव्याने करते, आणि कॉफीत काही दोष नव्हता हे आपल्याला समजतं. एकही संवाद नाही. बाई आतून मोडते आहे हे निव्वळ कामाच्या लयीतून सांगायचं, तेही इतक्या बारीक फरकांनी की झोपाळलेल्या प्रेक्षकाच्या हातून सुटावं. याहून अवघड अभिनय मी बघितलेला नाही.

शूटिंग चालू असताना सेरिगचा जोडीदार, नट सामी फ्रे, याने व्हिडिओवर ते टिपून ठेवलं होतं. पुढे पुष्कळ वर्षांनी ते संकलित होऊन बाहेर आलं. त्यात सेरिग आकेरमानच्या मागे लागलेली दिसते. हे मी का करते? इथे मी कसला विचार करते? हळू म्हणजे किती हळू? आकेरमानकडे कित्येकदा उत्तर नसतं. तिला हालचाल माहीत आहे, कारण माहीत नाही. तिने हे सगळं आई-मावश्यांचं बघून लिहिलेलं. तिची आई आउशवित्झमधून जिवंत परतलेली बाई होती. सेरिगला मात्र कारणाशिवाय चमचासुद्धा उचलायचा नव्हता. दोघी चिडतात, थांबतात, परत सुरू करतात. मोठी नटी आणि विशीतली दिग्दर्शिका अशी बरोबरीने भांडताना बघून मला फार आनंद झाला.

हा सिनेमा मी केंद्रातल्या बायकांबरोबरही पाहिला. दुपारी कट्टा धुऊन झाला की पिठाच्या डब्याला टॅब टेकवून थोडा थोडा. दिवे बंद करण्याची सवय बघून पोळ्या लाटणाऱ्या मावशी लगेच म्हणाल्या, “विजेचं बिल हीच भरते.” बटाट्यांच्या वेळी तर सेरिग खोलीतून बाहेर यायच्या आतच भाजीवाल्या ताई ओरडल्या, “गेले ते बटाटे!” आणि तिसऱ्या दिवशी सगळी कामं लवकर उरकून ती खुर्चीत नुसती बसते, तेव्हा मावशी म्हणाल्या, “आता बसली. आता काही खरं नाही.” शेवट काय होतो हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. तुम्हालाही सांगणार नाही. एवढंच म्हणते की मावशींनी सिनेमाचं मर्म जिथे पकडलं, तिथे पोचायला समीक्षकांना पानंच्या पानं लिहावी लागली आहेत. मोकळा वेळ या बाईला झेपत नाही.

२०२२मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने दर दहा वर्षांनी घेतात तो सर्वोत्तम सिनेमाचा कौल घेतला. १९५२मध्ये ‘बायसिकल थीव्ज’, मग पुढची पन्नास वर्षं ‘सिटिझन केन’, २०१२मध्ये ‘व्हर्टिगो’, आणि २०२२मध्ये ‘जान दिएलमान’. स्त्रीने दिग्दर्शित केलेला सिनेमा तिथे पहिल्यांदाच अव्वल आला. सगळीकडे आकेरमानचं नाव झालं, ते योग्यच झालं. सेरिगबद्दल मात्र दोन ओळींच्या वर फारसं कुणी लिहिलं नाही, याची मला चुटपुट लागून राहिली आहे.

तर ती कोण होती?

जन्म १० एप्रिल १९३२, बैरूतमध्ये. वडील आंरी सेरिग नावाजलेले पुरातत्त्वज्ञ. आई एर्मिन द सोस्यूर ही जिनिव्हाच्या विद्वानांच्या घराण्यातली, भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांची नातलग; पण मला जास्त भावतं ते हे की तरुणपणी ती एला मायार या मैत्रिणीबरोबर शिडाच्या होडीने भूमध्य समुद्रात भटकली होती. १९२०च्या दशकात! देल्फिनचं बालपण लेबनॉन, युद्धकाळात न्यूयॉर्क आणि मग फ्रान्स असं विखुरलेलं. त्यामुळे फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषा तिच्या घरच्याच होत्या. फ्रान्समध्ये तिने नाटकाचं शिक्षण घेतलं, प्रांतोप्रांतीच्या नाट्यसंस्थांत कामं केली. जॅक यंगरमन या अमेरिकन चित्रकाराशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि १९५०च्या दशकात ती परत न्यूयॉर्कला गेली. तिथे ॲक्टर्स स्टुडिओ या अभिनयशाळेत ली स्ट्रासबर्गकडे शिकली. प्रत्येक हालचालीचं कारण मागायची खोड तिथली असावी, असं मला वाटतं.

न्यूयॉर्कमध्ये इब्सेनच्या ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’मध्ये काम करताना फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेनेने तिला पाहिलं. (हेच ते नाटक, ज्यावरून सत्यजित राय यांनी पुढे ‘गणशत्रू’ केला.) रेनेने तिला ‘लास्ट इयर ॲट मारिएनबाद’साठी घेतलं. १९६१मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला आणि ती रातोरात जगभर माहीत झाली.

मारिएनबाद मी लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात पाहिला, रसास्वाद शिबिराच्या दिवसांत. बव्हेरियातले राजवाडे, लांबच लांब दालनं, आणि त्यात एक बाई जिला नावसुद्धा नाही. एक पुरुष तिला सांगत राहतो की गेल्या वर्षी आपण भेटलो होतो. शिबिरातली मंडळी कथेचा अर्थ लावण्यात गुंतली होती. मी तिच्याकडे बघत होते. कोपर दुमडून हात खांद्याशी नेते, मान जराशी कलवते, आणि तशीच थांबते. ही ठेव तिने बसवलेली आहे, नृत्यातल्यासारखी, आणि प्रत्येक वेळी ती तंतोतंत तशीच येते. पुढे जान दिएलमान झालेली बाई हीच. दोन्हीकडे तीच शिस्त. फक्त एकीकडे हातात काही नाही, दुसरीकडे बटाटा आहे.

लगेच १९६३मध्ये रेनेबरोबरच ‘म्यूरिएल’. बुलोन-स्युर-मेर या फ्रेंच शहरात राहत्या घरातच जुनं फर्निचर विकणारी एलेन. सेरिग तेव्हा तिशीची, आणि एलेन तिच्याहून बऱ्याच मोठ्या वयाची. चालणं, सिगारेट, विसरून जाणं, पाहुण्यांसमोर उगाच भरभर बोलणं, यांतून तिने ते वय आणलं. सावत्र मुलगा अल्जीरियाच्या युद्धातून परतलेला आहे आणि तिथे एका मुलीचा छळ झाला तो त्याच्या डोक्यातून जात नाही. फ्रान्समध्ये त्या विषयावर बोलणंही अवघड असण्याचे ते दिवस. व्हेनिसला सेरिगला सर्वोत्तम अभिनेत्रीचा व्होल्पी करंडक मिळाला.

साठीच्या आणि सत्तरीच्या दशकातले बाकीचे सिनेमे मी भराभर सांगते. त्रुफोच्या ‘स्टोलन किसेस’मध्ये चपलांच्या दुकानदाराची बायको: पोरगेलासा नायक तिला स्वप्नातली देवी समजून बसतो आणि ती स्वतः त्याच्या खोलीवर येऊन त्याला सांगते की मी देवीबिवी नाही, बाई आहे. जाक देमीच्या परीकथेत लायलॅक परी. बुन्युएलच्या ‘द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी’मध्ये जेवायला बसून कधीच जेवण न मिळणाऱ्यांपैकी एक. ‘द डे ऑफ द जॅकल’मध्ये छोटीशी भूमिका. एका बेल्जियन भयपटात तर तिने रक्तपिपासू काउंटेस बाथोरी केली आहे, आणि ती मला अतिशय आवडते.

‘इंडिया साँग’वर मात्र थांबावंच लागेल, नावातच आपण आहोत म्हणून. लेखिका-दिग्दर्शिका मार्गरीत द्युरास यांचा हा १९७५चा सिनेमा. कथा १९३७च्या कलकत्त्यात, फ्रेंच राजदूताच्या निवासात. सेरिग ही त्या राजदूताची पत्नी, आन-मारी स्ट्रेटर. राजदूत कलकत्त्यात कसा, राजधानी तर केव्हाच दिल्लीला गेलेली, असा प्रश्न आपल्याला पडतो. द्युरास यांना पडलेला नाही. सिनेमा चित्रित झाला पॅरिसजवळच्या एका पडीक रॉथ्सचाइल्ड वाड्यात. भारत दिसत नाही. नदीकाठचे महारोगी दिसत नाहीत, लाओसहून चालत आलेली भिकारीण दिसत नाही. फक्त तिचं ओरडणं आणि गाणं ऐकू येतं. हे मला खटकतं आणि खटकत राहणार. उपाशी माणसं नुसती पार्श्वध्वनी म्हणून आणि गोरी माणसं मंद दिव्यांत नाचताना, हा हिशेब बरोबर नाही.

तरीही मी तो पुन्हा पाहिला, कारण सेरिगचं काम. या सिनेमात पडद्यावर कुणाचे ओठ हलत नाहीत. सगळे संवाद बाहेरून येतात. माणसं गप्प राहून, आपलंच बोलणं ऐकल्यासारखी वावरतात. सेरिगचा आवाज खर्जाकडे झुकणारा, थोडा थरथरता, शब्दांच्या शेवटी किंचित रेंगाळणारा. फ्रान्समध्ये तो आवाज लोक डोळे मिटून ओळखत. तोच तिच्या देहापासून काढून घेतला, आणि तरी ती पडदाभर आहे. मिकाएल लोन्सडेलने केलेला उपवाणिज्यदूत तिच्यासाठी आक्रोश करतो, आणि लोन्सडेलने स्वतः पुढे सांगून टाकलं की खऱ्या आयुष्यातही त्याचं तिच्यावर प्रेम होतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. ‘जान दिएलमान’, ‘इंडिया साँग’, आणि लिलियान द केर्मादेकचा ‘आलोइज’, ज्यात सेरिगने मनोरुग्णालयात आयुष्य काढलेल्या स्विस चित्रकर्तीची भूमिका केली आणि तिचं तरुणपण कोवळ्या इझाबेल ह्यूपेरने: हे तिन्ही सिनेमे १९७५चे, तिन्ही त्याच वर्षी कान महोत्सवात, तिन्ही दिग्दर्शिकांचे. हा योगायोग नव्हता. सेरिगने ते ठरवून केलेलं होतं.

कारण तोवर ती निव्वळ नटी राहिलेली नव्हती. ५ एप्रिल १९७१ला एका फ्रेंच साप्ताहिकात ३४३ बायकांनी सहीनिशी जाहीर केलं की आम्ही गर्भपात केलेला आहे. फ्रान्समध्ये तो गुन्हा होता, म्हणजे प्रत्येक सही हा कबुलीजबाब होता. सेरिगची सही त्यात आहे. १९७२मध्ये बोबिन्यीच्या न्यायालयात एका अल्पवयीन मुलीवर खटला चालला. बलात्कारातून दिवस गेले, आईने गर्भपात करवून दिला, आणि पोलिसांना खबर दिली ती बलात्कार करणाऱ्यानेच. जिझेल आलिमी तिच्या वकील होत्या. सेरिगने तिथे जाऊन साक्ष दिली. त्याच वर्षी गर्भपाताची सोपी, कमी धोक्याची पद्धत फ्रान्समधल्या कार्यकर्त्यांना प्रथम दाखवण्यात आली ती सेरिगच्या पॅरिसमधल्या घरात. आपल्याकडे १९७१मध्येच कायदा झाला होता. फ्रान्समध्ये तो यायला १९७५ उजाडलं. पुढारलेला देश वगैरे आपण फार चटकन म्हणतो.

मग तिने स्वतः कॅमेरा हातात घेतला. सोनीचा पोर्टापॅक नावाचा सुटा व्हिडिओ कॅमेरा तेव्हा नवा होता: खांद्याला लटकवायचं यंत्र, अर्ध्या इंची टेप, काळंपांढरं चित्र. लॅब लागत नाही, मोठं युनिट लागत नाही, टिपलेलं लगेच बघता येतं, पुसून परत वापरता येतं. मुख्य म्हणजे या यंत्राला परंपरा नव्हती, त्यामुळे ‘हे पुरुषांचं काम’ असं म्हणायला कुणाला वेळ मिळाला नव्हता. कारोल रुसोपुलोस ही फ्रान्समधल्या पहिल्या पोर्टापॅकधारकांपैकी एक. ती बायकांना व्हिडिओ शिकवायची. सेरिग तिच्याकडे विद्यार्थिनी म्हणून गेली. जगप्रसिद्ध नटी, केबल गुंडाळायला शिकते आहे! दोघींची घट्ट मैत्री झाली, इओआना विडेरही बरोबर होती, आणि तिघींनी मिळून पुष्कळ काम केलं.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. आपल्या पुण्यातही त्या वर्षी स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली होती. फ्रेंच टीव्हीने वर्षअखेरीला ‘संपलं एकदाचं’ अशा थाटाचा कार्यक्रम केला, आणि महिलांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या राज्यमंत्री बाई त्यात बसून पुरुषांच्या शेरेबाजीवर हसत राहिल्या. सेरिग आणि मैत्रिणींनी तो कार्यक्रम टेप केला, जिथे जिथे खटकलं तिथे तिथे चित्र थांबवलं, हाताने लिहिलेल्या पाट्या आणि गाणी मध्ये घातली, आणि पॅरिसच्या एका थिएटरात लावला. बघताना मी टाळ्या वाजवल्या, एकटीच घरात असून.

त्याहून मोलाचं म्हणजे तिने एकटीने दिग्दर्शित केलेला ‘स्वा बेल ए ते-त्वा’, म्हणजे ‘सुंदर दिस आणि गप्प बस’. अमेरिका आणि फ्रान्समधल्या वीसहून अधिक अभिनेत्रींना तिने समोर बसवलं आणि साधे प्रश्न विचारले. मुलगा असतीस तर नट झाली असतीस का? दुसऱ्या स्त्रीशी जिव्हाळ्याचं नातं असलेली भूमिका तुला कधी मिळाली? जेन फोंडा सांगते की सुरुवातीला स्टुडिओत मेकअपच्या खुर्चीवरून उठल्यावर आरशातली बाई तिला ओळखूच आली नाही. केस सोनेरी कर, खोटे स्तन लाव, गाल खोल दिसावेत म्हणून जबडा मोडून घे, इथवर सूचना झालेल्या. मारिया श्नायडर विशीतली पोर, पण तिची थकलेली नजर बघवत नाही. सेरिग क्वचित दिसते. ऐकणारीचं काम ती करते, आणि तेही एक कामच आहे. हे चित्रण १९७५-७६चं, लोकांसमोर नीट आलं १९८१मध्ये. सिनेमातल्या बायकांशी काय वागणूक होते यावर जगभर बोलणं सुरू झालं ते कितीतरी नंतर.

इथे मला शांता आपट्यांची आठवण होते, आणि ती व्हायलाच हवी. सेरिगच्या आधी साडेतीन दशकं, १९३९ साली, कराराच्या वादावरून शांताबाई प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तेच हे आवार. ‘कुंकू’मधली नीरा खऱ्या आयुष्यात तशीच ताठ निघाली. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं, सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना आतली परिस्थिती काय असते ते सांगायला. लॉ कॉलेज रोडवरून आपण रोज जातो-येतो. या दोन बायका एकमेकींना सहज ओळखत्या.

१९८२मध्ये सेरिग, रुसोपुलोस आणि विडेर यांनी पॅरिसमध्ये स्त्रीवादी लेखिका सीमोन द बोव्हार यांच्या नावाने दृक्-श्राव्य केंद्र सुरू केलं. बायकांनी केलेलं आणि बायकांबद्दलचं चित्रण जपून ठेवायचं, दाखवायचं. आपल्या शहरात अर्काइव्ह आहे, टेप आणि रिळं सांभाळणं म्हणजे काय खटाटोप असतो हे इथे कुणाला सांगायला नको. ते केंद्र आजही चालू आहे.

पडद्यावर तिचं काम ऐंशीच्या दशकात कमी दिसतं. जर्मन दिग्दर्शिका उलरिके ऑटिंगरबरोबर ती तीन सिनेमांत आहे, शेवटचा १९८९चा, मंगोलियाच्या गवताळ प्रदेशातला. आकेरमानबरोबर एका शॉपिंग आर्केडमधला गाण्यांचा सिनेमा केला, त्यात ती प्रसन्न दिसते. अमेरिकेच्या ‘वाइल्ड वेस्ट’मधल्या कॅलॅमिटी जेनने मुलीला लिहिली म्हणतात त्या पत्रांवर तिला स्वतःला सिनेमा करायचा होता. त्यासाठी ती बाबेत मांगोल्तला घेऊन मोंटानापर्यंत गेली, थोडं चित्रण झालं, पैसे उभे राहिले नाहीत. मांगोल्तने ते चित्रण २०२०मध्ये एका माहितीपटात आणलं. १५ ऑक्टोबर १९९०ला फुप्फुसाच्या कर्करोगाने सेरिग गेली. अठ्ठावन्न वर्षांची होती.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी रुसोपुलोसच्या नातीने, कालिस्तो मॅकनल्टीने, २०१९मध्ये केलेला ‘देल्फिन ए कारोल’ आधी बघावा. सव्वा तासाच्या आत संपतो, आणि सेरिग हसायची किती हे त्यातून कळतं. मग ‘म्यूरिएल’. मग एक अख्खी दुपार काढून, फोन बाजूला ठेवून, ‘जान दिएलमान’. तुकड्यांत बघू नका. आम्ही केंद्रात तसा पाहिला कारण आमचा दिवसच तसा असतो. तुम्हाला शक्य असेल तर सलग बघा, कारण थकवा हा त्या सिनेमाचा भाग आहे.

माझ्याकडून डबा नेणाऱ्यांत एक बाई आहेत, एकेकाळी राज्य नाट्य स्पर्धा आणि मराठी सिनेमात कामं केलेल्या. सेरिगने घेतल्या तशा मुलाखती पुण्यातल्या जुन्या नट्यांच्या घ्याव्यात, हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “घे की. मेकअपवाल्या आणि सेटवर जेवण रांधणाऱ्या बायकांनाही विचार, त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.” आता कॅमेरा तर प्रत्येकाच्या खिशात आहे. भाचीकडे माइक आणि स्टँड आहे. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी संपल्या की या डबेवाल्या बाईंपासूनच सुरुवात करायचं ठरलं आहे. पहिला प्रश्न सेरिगचाच घेणार, दुसरा मानधनाचा.